सायरन वाजला, आता जायचं कुठं?

७ मे २०२५ आठवतोय? पहाटे ‘ऑपरेशन सिंदूर’ची बातमी आली आणि दुपारी चार वाजता नागरी संरक्षणाचं मॉक ड्रिल. महाराष्ट्रातल्या १६ ठिकाणांच्या यादीत पिंपरी-चिंचवडचंही नाव होतं. तुमच्यातल्या अनेकांनी रील्स टाकले असतील. पण खरा सायरन वाजला तर जायचं कुठं, हे कुणाला विचारलंत का?

चिंचवडला ऑटो क्लस्टरसमोर महापालिकेची नवी बहुमजली प्रशासकीय इमारत उभी राहतेय. तिच्याकडे बघताना हाच प्रश्न पडतो.

अणुहल्ला म्हटलं की ‘मग काय, सगळंच संपलं’ असं म्हणून आपण मोकळे होतो. स्फोटाच्या जवळ असाल तर ते खरंही आहे. पण स्फोट जमिनीलगत झाला, तर उडालेली माती किरणोत्सारी होते, वाऱ्याबरोबर कित्येक किलोमीटर जाते आणि राखेसारखी खाली बसते. हाच फॉलआउट. ही धूळ छतावर आणि रस्त्यावर पडते, तिच्यातले गॅमा किरण भिंतीतून आत येतात. त्यांना रोखायला हवं जड बांधकाम आणि अंतर.

साधारण ६ सेंटिमीटर काँक्रीटमधून जाताना हे किरण निम्मे होतात. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका स्लॅबखाली सुमारे सहावा हिस्सा उरतो, तीन स्लॅबखाली दीडशेव्या हिश्शाहूनही कमी. म्हणून बेसमेंट, किंवा मधल्या मजल्यांवरचा लिफ्ट-जिन्याजवळचा भाग सर्वांत सुरक्षित. काचेच्या दर्शनी भिंतीजवळची केबिन सर्वांत वाईट. (साहेबांची केबिन नेमकी तिथंच असते, हा भाग वेगळा.)

दिलासा एवढाच, की ही धूळ लवकर निवते. वेळ सातपट झाला की किरणोत्सर्ग दहावा हिस्सा उरतो. पहिल्या तासाला १०० असेल, तर ७ तासांनी १० आणि ४९ तासांनी १. थोडक्यात, बंकरमध्ये वर्षभर राहायचं नाहीये. पहिले दोन दिवस काढायचेत.

ते काढायचे तर पाणी लागतं. माणशी रोज चार लिटर धरलं, तर हजार माणसांना दोन दिवसांसाठी ८ हजार लिटर, म्हणजे एका मोठ्या टँकरएवढं. बेसमेंटमध्ये शौचालयं लागतात, बाहेरची धूळ आत न ओढणारी हवेची सोय लागते, जनरेटर पावसाच्या पाण्यात न बुडणाऱ्या जागी लागतो. पार्किंगचा रॅम्प सरळ उघडा ठेवला तर धूळ आत येणार. त्याला वळण आणि जाड भिंत दिली की बराच फरक पडतो. नकाशावर हे बदल पेन्सिलीने होतात. काँक्रीट पडल्यावर ब्रेकर लावावा लागतो.

स्वित्झर्लंडने १९६३ मध्ये कायदा करून नव्या इमारतींत निवारे बांधायला लावले. अमेरिकेने १९६१ पासून आहेत त्याच इमारतींची तळघरं मोजून त्यांवर पिवळ्या-काळ्या पाट्या लावल्या. दुसरा मार्ग आपल्याला जास्त परवडेल.

कारण खरी अडचण महापालिकेतल्या बाबूंची नाहीच. चाकण, भोसरीत हजारो लोक पत्र्याच्या शेडमध्ये शिफ्ट करतात, आणि पत्रा गॅमा किरण जवळजवळ अडवतच नाही. त्यांना जवळची पक्की सरकारी इमारत हाच आसरा. पण तिथं किती माणसं मावतील, रात्रपाळीत कुलूप कोण उघडेल? माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. प्रोजेक्टला विषय शोधत असाल, तर आपल्या कॉलेजचं बेसमेंटही मोजून बघा.