दलाल की खरेदीदार?

जमिनीच्या साठेखतात एक वाक्य वारंवार आढळते. मिळकतीचे खरेदीखत लिहून घेणाऱ्याच्या अथवा तो सांगेल त्या व्यक्तीच्या नावे करून द्यावे, असे ते वाक्य. लिहून देणारा ते वाचतो आणि सही करतो. वास्तविक साऱ्या व्यवहाराचे मर्म तेथेच दडलेले असू शकते. समोर बसलेल्या गृहस्थांना ती जमीन पुष्कळदा घ्यावयाचीच नसते. थोडासा विसार देऊन मुदत मिळवायची, त्या मुदतीत खरे गिऱ्हाईक गाठायचे आणि मधला फरक खिशात घालायचा, हा त्यांचा व्यवसाय असतो. अमेरिकेत त्याला ‘होलसेलिंग’ असे राजरोस नाव आहे. इलिनॉय राज्याने २०१९ मध्ये आणि ओक्लाहोमाने २०२१ मध्ये त्याला परवान्याच्या कक्षेत आणले. आपल्याकडे त्याला वेगळे नावच नाही, त्यामुळे त्याचा वेगळा विचारही होत नाही.

मध्यस्थाने नफा मिळवू नये, असे कोणी म्हणणार नाही. गिऱ्हाईक शोधण्यालाही श्रम पडतात. आक्षेप आहे तो दुहेरी भूमिकेला. गावात हा गृहस्थ दलाल म्हणून वावरतो, ‘तुम्हाला चांगला भाव मिळवून देतो’ असे सांगतो. कागदावर मात्र तो स्वतःच खरेदीदार होतो. या दोन भूमिकांची कर्तव्ये कायद्याने निरनिराळी ठरविली आहेत. १८७२ च्या करार कायद्यानुसार एजंटाने मालकाच्या नकळत त्याच कामात स्वतःसाठी सौदा केला, तर त्यातील लाभ मालक मागू शकतो. खरेदीदाराची गोष्ट वेगळी. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ त्याच्याकडून एवढेच अपेक्षिते की, विकणाऱ्याच्या हक्काच्या स्वरूपाविषयी वा व्याप्तीविषयी त्यालाच ठाऊक नसलेली, पण त्या हक्काचे मोल बरेच वाढविणारी गोष्ट आपल्याला माहीत असल्यास ती सांगावी. ती न सांगणे हे कपट मानले आहे. वडिलोपार्जित मिळकतीत आपला हिस्सा चार आणे आहे असे समजणाऱ्या बहिणीचा हिस्सा वस्तुतः आठ आणे आहे, हे कळूनही खरेदीदाराला गप्प राहता येत नाही. पण शेजारच्या जमिनीला काय दर मिळाला, हे सांगण्यास तो सर्वसाधारणपणे बांधलेला नाही. म्हणजे विश्वास दलालाचा मिळवायचा आणि मोकळीक खरेदीदाराची भोगायची!

दुसऱ्या टोकाला असतो तो निवृत्तीचा फंड हाती आलेला शिक्षक किंवा कारकून. तो ज्याला पैसे मोजतो, त्याच्यापाशी मालकी नसतेच. विक्रीच्या करारामुळे मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही, असे त्याच कायद्याचे कलम ५४ सांगते. साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र यांच्या जोरावर केलेल्या ‘विक्री’ने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले. मध्यस्थाची मुदत टळली किंवा मूळ मालकाचे मन फिरले, तर विसारासाठी या माणसाने कोणाचे दार ठोठवायचे? मालक म्हणणार, मी यांना ओळखतही नाही. नोंदणी न झालेले साठेखत तर दुय्यम निबंधकाच्या दप्तरात शोध घेऊनही सापडत नाही. उरते ती वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस; आणि बारीक टाइपातली ती नोटीस वाचतो कोण?

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने दलालांना नोंदणी सक्तीची केली खरी. तथापि ती नोंदणीकृत प्रकल्पांपुरती. शेतजमीन, गावठाणातील जुने घर, भावाभावांचा वाडा या मिळकती, ज्यांवर हा मध्यस्थ जगतो, तिच्या बाहेरच राहिल्या.

येथे फार मोठ्या कायद्याची गरज नाही. लिहून घेणारा स्वतःसाठी घेतो आहे की पुढे विकण्यासाठी, हे साठेखताच्या पहिल्याच परिच्छेदात नमूद व्हावे. पुढच्या गिऱ्हाइकाला मूळ करार, त्यातील किंमत आणि मुदत दाखविली जावी. मधला फरक असा उघडा पडला तर धंदा बुडेल, अशी ओरड अर्थातच होईल. मग तो नफा श्रमाचा होता की दुसऱ्याच्या अज्ञानाचा, हेही ओरडणाऱ्यांनी सांगावे. तोवर फंड हाती असलेल्याने मूळ मालकाला समक्ष भेटल्याखेरीज विसार देऊ नये, आणि धनादेश त्याच्याच नावे काढावा.