शाळेचेही प्रगतिपुस्तक हवे

पहिले सत्र संपते, दिवाळीची सुटी लागते आणि माध्यमिक शाळेतील विद्यार्थी प्रगतिपुस्तक घेऊन घरी जातो. त्यात विषयवार गुण अथवा श्रेणी असतात, हजेरीचे दिवस असतात, वर्गशिक्षकांचा एका ओळीचा अभिप्राय असतो आणि तळाशी पालकाच्या स्वाक्षरीसाठी मोकळी जागा असते. दुसरे सत्र संपल्यावर महाराष्ट्रदिनाच्या आसपास हाच विधी पुन्हा पार पडतो. खेड्यातील श्रमिक कुटुंबाचा शाळेशी होणारा वर्षभराचा लेखी व्यवहार बहुधा एवढाच. राजकीय कार्यकर्त्यांनी या कागदाकडे आजवर फारसे लक्ष दिलेले नाही. वस्तुत: शासन, शिक्षणसंस्था आणि कष्टकरी यांच्यातील नाते कसे आहे, हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके मोठमोठ्या अहवालांतूनही होत नाही.

माण तालुक्याचे उदाहरण घेऊ. महादेवाच्या डोंगररांगांच्या पर्जन्यछायेत पडलेला हा मुलूख. पाऊस वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. उरमोडी आणि टेंभू या योजनांचे पाणी माण-आटपाडीच्या काही भागांत पोहोचले, ते दुष्काळी जनतेने अनेक वर्षे दिलेल्या लढ्याचे फळ आहे. तरीही पोटासाठी गाव सोडण्याचा क्रम थांबलेला नाही. साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कऱ्हाड, वाळवा, कोल्हापूरच्या उसाच्या फडांकडे निघतात. पावसाळा सरला की मेंढपाळ कळप घेऊन खाली उतरतात. कुणी मुंबईत माथाडी कामगार असतो, तर कुणी गलाईच्या धंद्यात परप्रांतात असतो. म्हणजे पहिल्या सत्राचे प्रगतिपुस्तक घरी येते तेव्हा त्यावर सही करणारा मनुष्य पुष्कळदा घरी नसतो. अंगठा उमटतो तो आजीचा. मुलगा आईबापांबरोबर फडावर गेला असेल, तर प्रगतिपुस्तक शाळेच्या कपाटातच राहते.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दुष्काळामुळे सबंध वाडीच परागंदा होते आणि मास्तरांच्या शाळेला मुलेच उरत नाहीत. आज वाडी उठत नाही, वाडीतील काही घरे उठतात. शाळा भरत राहते, घंटा होत राहते, निकाल लागत राहतो. जी मुले वर्गात नाहीत त्यांची अनुपस्थिती त्यामुळे कोणाच्याही डोळ्यांवर येत नाही. पूर्वी दुष्काळ शाळा बंद पाडीत असे. आता तो शाळेला धक्का न लावता निवडक मुलांना तिच्याबाहेर काढतो, आणि ही मुले नेहमी भूमिहीनांची, कोरडवाहू शेतकऱ्यांची, भटक्या-विमुक्तांची असतात.

अशा मुलाच्या प्रगतिपुस्तकात काय लिहिले जाते? हजेरी कमी, गणितात मागे, ‘अधिक सराव आवश्यक’. मुलगा गैरहजर का होता, हे तेथे लिहिण्यास रकाना नाही. गणिताच्या शिक्षकाची जागा किती महिने रिकामी होती, याचा उल्लेख नाही. वस्तीपासून शाळेपर्यंतची एस. टी. किती दिवस आली नाही, प्रयोगशाळेचे कुलूप सत्रभरात कितीदा निघाले, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी होते की नाही, यांविषयीही मौनच. २०१० पासून आठवीपर्यंतच्या वर्गांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, आणि गुणांच्या शेजारी वर्णनात्मक नोंदी आल्या. हेतू उत्तम होता. परंतु या नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात मिळू लागल्या, आणि शेकडो मुलांविषयी तीच ती वाक्ये लिहिली जाऊ लागली. शाळेच्या, शासनाच्या आणि समाजाच्या उणिवा अशा रीतीने एका बारा-चौदा वर्षांच्या मुलाच्या नावावर जमा होतात, आणि त्याचा बाप खाली सही करून तो हिशेब मान्य करतो.

हे कायद्याला अभिप्रेत नव्हते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २४ व्या कलमाने शिक्षकांची कर्तव्ये सांगितली आहेत. पालकांशी नियमित बैठका घेणे आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती यांची माहिती त्यांना देणे, हे त्यांतील एक कर्तव्य आहे. याच कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन ठरवून दिले आहे. मग या २२० पैकी किती दिवस प्रत्यक्ष शिकवले गेले, हे पालकाला कोणी सांगावयाचे? मुलाच्या हजेरीचा आकडा त्याच्या हाती पडतो, शाळेच्या हजेरीचा पडत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक असावेत, असे कायदा म्हणतो. परंतु अनुदानित खाजगी शाळांपुरती ही समिती केवळ सल्ला देणारी राहील, अशी दुरुस्ती २०१२ साली करण्यात आली. ग्रामीण महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षण तर मुख्यत्वे अशाच संस्थांच्या हाती आहे.

माहिती गोळाच होत नाही, असे मात्र कोणी समजू नये. मुख्याध्यापक आणि लिपिक यांचा निम्मा वेळ माहिती भरण्यात जातो. किती खोल्या, किती शौचालये, किती शिक्षक, किती मुले, सारे काही यू-डायसच्या संगणकीय प्रणालीत दरवर्षी भरावे लागते. त्यात आता विद्यार्थ्यांच्या ‘अपार’ क्रमांकाची भर पडली आहे. ही माहिती तालुक्याला जाते, जिल्ह्याला जाते, पुण्याला आणि दिल्लीला जाते. ज्या गावातून ती निघते त्या गावाच्या चावडीवर मात्र ती कधी वाचली जात नाही. तिच्या आधारे शाळेविषयीचे निर्णय दूर कोठेतरी होतात, आणि ज्यांची मुले तेथे शिकतात त्यांना ते निर्णय झाल्यावर कळतात. लोकशाहीत माहितीचा प्रवाह असा एकाच दिशेने वाहू लागला की नागरिकाचा लाभार्थी होतो.

या जिल्ह्यात तरी असे होऊ नये. माणला लागून असलेल्या खटाव तालुक्यातील कटगुण हे महात्मा फुल्यांचे मूळ गाव. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतिरावांनी मांडलेला मुद्दा मूलत: हिशेबाचा होता. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना होतो. म्हणून बारा वर्षे वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. पुढे १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ती गोरगरिबांनी दिलेल्या मूठमूठ धान्यावर उभी राहिली. वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. ज्या शाळा रयतेच्या धान्यातून उभ्या राहिल्या आणि आज रयतेच्या करातून चालतात, त्यांनी रयतेला हिशेब देणे यात कोणाचाच अवमान नाही.

गावातील दूध सोसायटी अथवा विकास सोसायटी वर्षातून एकदा सभासदांची सभा बोलावते आणि ताळेबंद मांडते, कारण सहकार कायद्याचे तिच्यावर तसे बंधन आहे. त्या सभेत प्रश्न विचारले जातात, प्रसंगी गोंधळही होतो. दुधाच्या फॅटचा हिशेब मागणारा तोच शेतकरी शाळेच्या दारात मात्र हात जोडून उभा राहतो, कारण शाळा आपली आहे असे त्याला कोणी जाणवूच दिलेले नाही.

म्हणून आमची सूचना अशी आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेने सत्रअखेरीस मुलाच्या प्रगतिपुस्तकाबरोबर स्वत:चे एक पानी निवेदन द्यावे. त्यात सत्रातील प्रत्यक्ष अध्यापनाचे दिवस, रिक्त पदे आणि ती रिक्त असण्याचा कालावधी, मिळालेले अनुदान आणि त्याचा खर्च, पालकांकडून घेतलेली प्रत्येक रक्कम, आणि शाळा सोडून गेलेल्या मुलामुलींची संख्या कारणांसह असावी. मुलांची नावे त्यात नसावीत, कारण कोणाचे दारिद्र्य चारचौघांत वाचून दाखविणे हा हेतू नाही. भाषा घरात बोलली जाते तशी साधी असावी. आणि हे निवेदन केवळ वाटले न जाता ग्रामसभेत मोठ्याने वाचले जावे. महाराष्ट्रात २ ऑक्टोबर आणि १ मे हे ग्रामसभेचे दिवस आहेत. पहिला दिवस पहिल्या सत्राच्या अखेरीजवळ येतो आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी येतो. दुसरा वार्षिक निकालाच्या सुमारास येतो, तेव्हा फडावरची माणसे परतलेली असतात. एका शाळेत अनेक वाड्यावस्त्यांची मुले येत असतील, तर त्या प्रत्येक गावच्या सभेत ते वाचावे. म्हसवड-दहिवडीसारख्या ठिकाणी नगराच्या प्रभागांत सभा घ्याव्यात.

२ ऑक्टोबरच्या सभेत आणखी एक काम व्हावे. कोणती कुटुंबे बाहेर जाणार आहेत, याची विचारणा तेथेच व्हावी आणि मुलांना मागे ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची मागणी तेथेच ठराव करून नोंदवावी. ज्यांना न्यावेच लागेल, त्यांच्या हाती मूल कोठवर शिकले आहे हे सांगणारे हमीपत्रक द्यावे. मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे आणि दाखल्याच्या विलंबासाठी प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षणहक्क कायद्याचे पाचवे कलम सांगते. हे फडावरच्या बापाला माहीत असेल तरच त्याचा उपयोग.

शिक्षकांवर आधीच कागदांचे ओझे आहे, त्यात ही भर कशाला, असा आक्षेप येईल. तो प्रामाणिक आहे आणि त्याची दखल घेतलीच पाहिजे. परंतु वरीलपैकी बहुतेक माहिती शिक्षक आजही भरीत असतात. ती गावाकडे वळविण्याचाच काय तो प्रश्न. शिवाय अशा निवेदनाचा पहिला लाभ शिक्षकांनाच होईल. रिक्त जागांमुळे दोघांचे काम एकटा करीत असलेला शिक्षक, किंवा अंशत: अनुदानित शाळेत तुटपुंज्या वेतनावर राबणारा शिक्षक, यांची स्थिती आज गावाला ठाऊकच नसते. ती कळली तर त्याच्या मोर्चात पालकही उभे राहतील. निवेदनाला भ्यावे लागेल ते जागा न भरणाऱ्या शासनाला आणि देणग्यांची पावती न देणाऱ्या चालकांना. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे चौथे कलम स्वत:हून माहिती प्रकट करावयास सांगते, आणि शासनाच्या पैशावर मुख्यत: चालणाऱ्या शिक्षणसंस्थांना हा कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे.

सर्वांत मोठी गळती नववीच्या उंबरठ्यावर होते, आणि शिक्षणहक्काचे संरक्षण नेमके तेथेच, चौदाव्या वर्षी, संपते. महाराष्ट्राने मुलींना बारावीपर्यंत फीमाफी दिलेली आहे, पण आईवडील फडावर असताना चौदा वर्षांच्या मुलीला घरी कोणाच्या भरवशावर ठेवावे, या प्रश्नाचे उत्तर फीमाफीत नाही. अशी मुलगी हजेरीपटावरून गळते, आणि पुष्कळदा थेट लग्नाच्या मांडवात दिसते. तिचे प्रगतिपुस्तक कोणी लिहीत नाही. शाळेच्या निवेदनात तिची निदान संख्या तरी असावी, म्हणजे ग्रामसभेला त्या आकड्याकडे पाठ फिरविता येणार नाही.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामसभेत ठराव मांडण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतील आपल्या कार्यकर्त्यांनी येत्या २ ऑक्टोबरला आपापल्या गावात एवढा एकच ठराव मांडावा: शाळेने सत्राचा हिशेब गावासमोर ठेवावा. पाण्यासाठी या मुलखाने संघर्ष केला, तेव्हा किती पाणी कोठे अडले आणि कोणाच्या शेतात गेले, याचा हिशेब लोकांनी स्वत: मांडला होता. शिक्षणाचाही तसाच मांडावा लागेल.