घरांतील जलसृष्टि : माशांच्या शेजारीं झिंगे

आर्वीच्या एका वाचकभगिनीनें विचारलें आहे : "आमच्या मुलांनीं काचेच्या पेटींत गप्पी मासे पाळले आहेत. त्यांच्या सोबतीस चिमुकले तांबडे झिंगे आणले. मासे आजहि तरतरीत आहेत. झिंगे मात्र एकामागून एक दगावले. पाणी वाईट असतें, तर मासे कसे जगले ?"

प्रश्न मोठा मार्मिक आहे. त्याचें उत्तर मला पुस्तकांतून मिळण्यापूर्वीं वर्ध्यास आमच्याच माजघरांत मिळालें, आणि तें फार सुखाचें नव्हतें. म्हणून आधीं ती हकीकत सांगतों.

चार वर्षांपूर्वीं धाकट्या मुलीच्या हट्टामुळें आमच्या घरीं वीस लिटर पाण्याची एक पेटी आली. प्रथम गप्पी आले, मग दहा झिंगे. झिंगा हें नांव ऐकतांच आमच्या आत्याबाईंच्या कपाळाला आठी पडली. जो प्राणी या घराचा उंबरठा कधीं ओलांडून आला नाहीं, तो आतां माजघरांत ! परंतु आठ दिवसांच्या आंतच त्या जपमाळ घेऊन पेटीपाशीं बसूं लागल्या. या झिंग्याच्या पुढच्या दोन जोड्या पायांच्या टोकांस केसाळ चिमटे असतात. त्यांनीं तो पानांवरील आणि दगडांवरील शेवाळ वेंचून अखंड तोंडाशीं नेत असतो. "हा माझ्यापेक्षां नेमानें जप करतो," असें त्या म्हणाल्या, आणि झिंग्यांस घरांत जागा मिळाली.

मे महिन्याच्या एका दुपारीं पेटींतील पाणी बरेंच आटलेलें त्यांना दिसलें. घरांत दुसरें कोणी नव्हतें. देवघराजवळ तांब्याचा हंडा होता. आदल्या सायंकाळीं चिंचेनें घासून लखलखीत केलेला आणि रात्रभर भरून ठेवलेला. आत्याबाईंनीं त्यांतलें पाणी आपल्या हातानें पेटींत ओतलें. आपल्या घरांत त्याहून शुद्ध पाणी तें कोणतें ? तिन्हीसांजेस झिंगे वेड्यासारखे इकडून तिकडे धांवूं लागले. सकाळीं सहा कुशीवर पडले होते. दुसऱ्या दिवशीं आणखी दोन गेले. मासे मात्र खुशाल फिरत होते. मुलगी रडतां रडतां म्हणाली, "आत्याआजी, तूंच मारलेंस त्यांना !" त्या दिवशीं आत्याबाई पानावर बसल्या नाहींत.

चूक त्यांची नव्हती, माझी होती. प्राणी घरांत आणला मीं. त्याला काय सोसतें आणि काय सोसत नाहीं हें वाचलें मीं. आणि घरांतल्या माणसांना सांगितलें नाहीं तेंहि मींच.

आतां त्या प्रश्नाकडे वळूं. मासा जगला म्हणजे पाणी झिंग्यासहि मानवलें, हा समज मुळांतच चुकीचा आहे. मासा पाठीच्या कण्याचा प्राणी. झिंग्याचें नातें खेंकड्याशीं, आणि थोडें दूरचें नातें किड्यांशीं. आपल्या व माशाच्या रक्तांत प्राणवायु वाहून नेण्याचें काम लोहयुक्त द्रव्य करतें. झिंग्याच्या रक्तांत तेंच काम तांबें असलेलें हिमोसायनिन करतें, आणि म्हणून प्राणवायु घेतलेलें त्याचें रक्त निळसर दिसतें. असें असूनहि, पाण्यांत विरघळलेलें तांबें त्याच्या कल्ल्यांवाटे प्रमाणाबाहेर शिरलें कीं तेंच त्याचें विष होतें. माणसाच्या पिण्याच्या पाण्यांत दर लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत तांबें चालतें, असें जागतिक आरोग्य संघटनेनें ठरविलें आहे. याच्या लहानशा अंशानेंहि झिंगा दगावूं शकतो. चिंच, लिंबू वा ताक यांच्या आंबटपणानें तांबें सुटतें. आमच्या पेटींत त्या दिवशीं उन्हाळ्यानें पाणी आधींच तापलेलें होतें. त्यांत तांब्याची भर पडली. तेव्हां हंडा आपल्यासाठीं खुशाल ठेवावा. पेटीसाठीं मात्र तांबें नको, आणि तांब्याचाच अंश असलेलें पितळहि नको. माठ, स्टीलची बादली किंवा प्लॅस्टिकचें स्वच्छ भांडें चांगलें.

तांबें आणखी एका वाटेनें येतें. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले म्हणजे दुकानदार जें औषध देतो, त्यांत पुष्कळदां मोरचूद असतें. मासा बरा होतो, झिंगा मरतो. आजारी मासा वेगळ्या भांड्यांत काढून तेथेंच औषध द्यावें.

दुसरें विष कीटकनाशकाचें. किड्यास मारणारें द्रव्य झिंग्यासहि मारतें. म्हणून पेटीच्या खोलींत डांसांची वडी, द्रव वा फवारा वापरूं नये. आपला जिल्हा कापसाचा. फवारणीचे दिवस असतां शेताजवळच्या नाल्यांतील पाणवनस्पति आणून पेटींत लावणें धोक्याचें आहे. आपल्या भगिनींच्या घरीं यांपैकीं कोणतें कारण घडलें हें त्यांनींच आठवून पाहावें. एक तिसरा संशयहि आहे. दुकानांतल्या पाण्याची जडता निराळी, आपल्या विहिरीच्या पाण्याची निराळी. पिशवी फोडून झिंगे एकदम पेटींत सोडले, तर हा फरक मासा सोसतो, झिंगा सोसत नाहीं. पिशवींतलें पाणी व झिंगे एका वाडग्यांत घेऊन त्यांत पेटींतलें पाणी बारीक नळीनें थेंबथेंब, दोन तास तरी, पडूं द्यावें. मग झिंगे उचलून पेटींत सोडावे.

शेजारी कोणते असावे ? नियम सोपा आहे : माशाच्या तोंडांत जें मावतें, तें तो खातो. गोल्डफिश, एंजल, तिलापिया यांच्याजवळ दोन-तीन सेंटिमीटरचा झिंगा म्हणजे भक्ष्यच. गप्पी किंवा झेब्रा मासा मोठ्या झिंग्यास त्रास देत नाहीं. पण नुकतीं जन्मलेलीं पिलें तोहि टिपतो. त्यासाठीं जावा मॉससारख्या पाणशेवाळाची दाट जाळी पेटींत असावी. याउलट, बाजारांत टोपलींतून येणारे लांब नांग्यांचे नदीचे झिंगे मुलांच्या कौतुकासाठीं आणूं नयेत. ते बहुधा मॅक्रोब्रॅकियम गटाचे असतात, आणि रात्रीं झोंपलेल्या माशालाच पकडतात. त्यांतल्या सर्वांत मोठ्या जातीच्या पिलांस तर वाढीसाठीं मचूळ पाणी लागतें. वर्धा नदी वैनगंगेस मिळून प्राणहिता होते व पुढें गोदावरींतून समुद्रास जाते. तेवढ्या लांबचें खाडीचें पाणी आपल्या काचेच्या पेटींत कोठून येणार?

आपल्याकडे खरी परीक्षा उन्हाळ्याची. तांबड्या झिंग्यास २० ते २८ अंश उष्णता मानवते. वर्ध्यास मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जाणें नवलाचें नाहीं. पाणी जसजसें तापतें तसतसा त्यांत प्राणवायु कमी विरघळतो : २० अंशांवर दर लिटरला सुमारें ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांवर साडेसातच. पेटी माजघरांत, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवावी. वरचें झांकण काढून जाळी लावावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून पंख्याचा वारा जाऊं द्यावा. माठ ज्या युक्तीनें पाणी गार करतो तीच ही युक्ति. मात्र अशानें पाणी भराभर आटतें, आणि क्षार मागें राहून उरलेलें पाणी जड होत जातें. म्हणून रोज थोडें, क्षार काढलेलें पाणी घालावें. आठ दिवसांचें एकदम घालूं नये. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो. तें रात्रभर उघडें ठेवून किंवा क्लोरीन मारणारें द्रव्य घालून मगच वापरावें.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळें घरोघरीं उगीच रडारड होते. वाढतांना झिंगा कात टाकतो. मिशांसकट संपूर्ण, पारदर्शक असें तें कवच तळाशीं पडलेलें पाहून मुलांना वाटतें, झिंगा मेला. मेलेला झिंगा दुधी-गुलाबी दिसतो. तो लगेच काढावा. कवच मात्र राहूं द्यावें. झिंगे तें खाऊन त्यांतला चुना परत मिळवतात. कात टाकलेला झिंगा एक-दोन दिवस मऊ असतो व लपून बसतो. त्यासाठीं खापराचा एखादा तुकडा आडोशाला ठेवावा.

हा तांबडा झिंगा मूळचा चीन-तैवानकडील. वाढलेली संतति नको झाली म्हणून ती पवनारला धाम नदींत सोडून पुण्य जोडूं नये. परक्या प्राण्यानें किंवा त्याच्याबरोबर गेलेल्या रोगानें नदींतल्या मूळच्या जीवांवर संकट येतें. जादा झिंगे दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावे.

आमच्या घरीं त्या वर्षीं दोनच झिंगे वांचले होते. मुलीचा राग निवळण्यास महिना लागला. त्या महिन्यांत आत्याबाईंनीं कोणासहि न सांगतां एक लहान माठ आणवला, त्यावर खडूनें "झिंग्यांचें" असें लिहिलें, आणि पेटींत पाणी घालण्याचें काम आपल्याकडे घेतलें. कार्तिकांत एके सकाळीं त्यांनीं मुलीला हाक मारली. वांचलेल्या दोहोंपैकीं एक मादी होती. तिच्या पोटाखालीं वीस-पंचवीस पिवळसर अंडीं होतीं आणि ती आपल्या पोटाच्या पायांनीं त्यांना सारखा वारा घालीत होती. तीन-चार आठवड्यांनीं तांदळाच्या कणीएवढीं पिलें पानांवर दिसूं लागलीं. आत्याआजी व नात एका भिंगांतून आळीपाळीनें तीं मोजीत होत्या. एकीची संख्या दुसरीस पटत नव्हती.

आर्वीच्या भगिनींनीं खचून जाऊं नये. गप्पी आहेत तसे राहूं द्यावे. पेटींतलें तिसऱ्या हिश्शाएवढें पाणी आठवड्याच्या अंतरानें दोन-तीनदां बदलावें, आणि पेटी महिनाभर तशीच चालूं द्यावी. मग पांचच झिंगे आणावे. पण त्यापूर्वीं एका सायंकाळीं घरांतल्या सर्वांना, विशेषतः वडीलधाऱ्यांना, पेटीजवळ बसवून त्यांना काय चालतें व काय चालत नाहीं हें नीट समजावून सांगावें. तेवढें मीं केलें असतें, तर आमच्या आत्याबाईंना त्या दिवशीं उपाशी राहावें लागलें नसतें.