विश्लेषण : प्रेसमडपासून गॅस, मग शेतकऱ्याच्या खताचे काय?

सातारा-सांगलीत कृष्णाकाठाने साखर कारखान्यांची रांगच आहे. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, कुंडलचा क्रांतिअग्रणी. उसाचा रस गाळल्यावर मागे उरणारा काळपट, ओलसर गाळ म्हणजे प्रेसमड. उसाच्या वजनाच्या साधारण तीन ते चार टक्के. आजवर तो खत म्हणून शेतात जात आला. आता त्याच्याकडे इंधन म्हणून पाहिले जात आहे.

गॅस कसा तयार होतो?

तत्त्व गोबरगॅसचेच. हवाबंद टाकीत जिवाणू प्रेसमड कुजवतात. निघणाऱ्या वायूत निम्म्याहून अधिक मिथेन, बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड. हा शेवटचा सडक्या अंड्यासारखा वास मारतो आणि यंत्रेही गंजवतो. हे दोन्ही काढून मिथेन ९० टक्क्यांच्या वर नेला आणि दाबाखाली भरला, की तो सीएनजीच्या जागी चालतो. तोच मिथेन उघड्या ढिगातून हवेत गेला, तर १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून अधिक तापमानवाढ करतो.

मग अडते कुठे?

गणितात. एक टन गॅसला साधारण २५ टन प्रेसमड लागतो. १० लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याकडे सुमारे ३५ हजार टन प्रेसमड निघेल, त्यातून १,४०० टन गॅस. वर्षभरात विभागला तर दिवसाला चार टनही नाही. शिवाय हंगाम चार-पाच महिन्यांचा, आणि साठवलेला प्रेसमड कुजत राहिल्याने त्यातला गॅस घटतो. पावसाळ्यात टाकीला शेण, बाजार समितीतला भाजीपाला किंवा शहरातला ओला कचरा लागणार; तोही प्लास्टिकविरहित. केंद्राच्या ‘सतत’ योजनेने ऑक्टोबर २०१८मध्ये पाच हजार प्रकल्पांचे लक्ष्य ठेवले होते. प्रत्यक्षातील आकडा त्याच्या जवळपासही पोहोचला नाही. तंत्रज्ञानापेक्षा कच्च्या मालाची ही ओढाताण त्याला अधिक कारणीभूत आहे.

खताचा प्रश्न

मिरज, पलूस, वाळव्यात क्षारपड जमिनीची डोकेदुखी जुनी आहे. तिथे सेंद्रिय खत चैनीची वस्तू नाही. टाकीतून बाहेर पडणाऱ्या स्लरीत नत्र, स्फुरद, पालाश बहुतांश शिल्लक असतात. म्हणजे गॅस काढल्याने खत संपत नाही, पण ते कोणाला आणि काय दराने मिळणार हा खरा मुद्दा. गॅस मिश्रणाचे बंधन २०२५-२६मध्ये एक टक्का, तर २०२८-२९पासून पाच टक्के असे ठरले आहे. मागणी वाढली की प्रेसमडचा भावही चढणार. सहकारी कारखान्यात ऊस सभासदाचा; त्यामुळे कंपनीशी करार करतानाच स्लरी-खताचा सभासदांसाठीचा कोटा आणि दर लिहून घ्यायला हवा. करार झाल्यावर वार्षिक सभेत ओरडून तो मिळणे कठीण.