दर कोणी ठरवायचा?

गुरुमंदिराच्या दर्शनासाठी कारंजा लाडला येणाऱ्या भाविकास पेढ्याचा भाव दिल्लीहून ठरवून मिळत नाही. एका दुकानात महाग वाटला, तर तो शेजारच्या दुकानाकडे वळतो. त्याच गावातील कुटुंबाने सायंकाळच्या मालिकेसाठी किती पैसे मोजावेत, हे मात्र दिल्लीनेच सांगावे, असा आग्रह वीस वर्षे चालला.

जानेवारी २००४मध्ये केबलसेवा 'ट्राय'च्या, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या कक्षेत आली आणि लगेच २६ डिसेंबर २००३ रोजीचे दर गोठविण्यात आले. पुढे १ फेब्रुवारी २०१९पासून शंभर वाहिन्यांसाठी कमाल १३० रुपये ठरले. जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, तेही एकही सशुल्क वाहिनी न घेता! 'पाहाल त्याचेच पैसे द्या' हा हेतू उदात्तच होता. पण मर्यादा आखली की विक्रेता तिलाच भाव मानतो. वाहिन्यांच्या गुच्छात बसण्यासाठी १९ रुपयांची अट घातली, तेव्हा अनेक लोकप्रिय वाहिन्या नेमक्या १९ रुपयांवर स्थिरावल्या. २०२०मध्ये १९चे १२ करण्याचा आदेश निघाला, वाद न्यायालयात गेला, नोव्हेंबर २०२२मध्ये पुन्हा १९ झाले. जुलै २०२४मध्ये तर १३० रुपयांची मर्यादाच प्राधिकरणाने मागे घेतली. मग एवढा खटाटोप कोणासाठी झाला?

मोबाईलचा अनुभव वेगळा आहे. १९९५मध्ये येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. पुढे दर बहुतांशी कंपन्यांवर सोडले गेले, स्पर्धा वाढली आणि फोन शेतमजुराच्या खिशात आला. अर्थात बाजार म्हणजे देव नव्हे. जुलै २०२४मध्ये खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढविले, तेव्हा मोजक्याच कंपन्या उरल्याचा अर्थ ग्राहकास कळला. भांडवलशाही आणि साम्यवाद या दोहोंना नाकारणाऱ्या दत्तोपंत ठेंगडींच्या विचारात वाढलेल्यांना हे नवे नाही. १९७४मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, तीही संघटित ग्राहकाच्या बळावर.

नियामकाचे खरे काम ग्राहकास बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवणे हे आहे. २०११मध्ये क्रमांक न बदलता मोबाईल कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. तिने कोणताही दर ठरविला नाही, तरी कंपन्यांना वचक बसला. दूरचित्रवाणीस हे का लागू नसावे? कारंजातील ग्राहकाने केबल सोडून डिश घेतली, की पैसे मोजून घेतलेला सेट टॉप बॉक्स अडगळीत जातो. निदान केबलचा बॉक्स सर्व केबल कंपन्यांना आणि डिशचा सर्व डिश कंपन्यांना चालावा, ही शिफारस प्राधिकरणाने एप्रिल २०२०मध्येच केली होती. दरांचे आदेश वारंवार निघाले. ही शिफारस मात्र मागेच पडली.