सहवासाची सक्ती

एकाच काचघरात दोन-तीन जातींचे साप, एक घोरपड आणि कोपऱ्यातील हौदात पाच-सात कासवे असा संसार थाटला, की प्रेक्षक खूश होतात आणि जागेचा व देखभालीचा खर्चही वाचतो. तोटा होतो तो केवळ आत कोंडलेल्या जिवांचा. तोही चटकन ध्यानात येत नाही. अस्वस्थ वाघ येरझारा घालतो, माकड आरडाओरडा करते. साप मात्र अन्न सोडतो आणि वेटोळे घालून पडून राहतो. निरोगी अजगरही कित्येक आठवडे न खाता राहू शकत असल्याने ही उपासमार आहे की विश्रांती, हे जाणकारालाच कळते.

निसर्गात हे प्राणी शेजारी शेजारी राहतातच, मग पिंजऱ्यात का नकोत, असा युक्तिवाद केला जातो. चंबळ नदीच्या वाळवंटावर सुसरी, मगरी आणि कासवे एकत्र ऊन खाताना दिसतात, हे खरेच आहे. तथापि तेथे शेकडो किलोमीटरचे पात्र मोकळे असते. नको असलेल्या शेजाऱ्यापासून दूर जाण्याची मुभा हाच त्या सहजीवनाचा पाया होय. पिंजरा नेमकी तीच मुभा काढून घेतो. मग उबेची एकमेव जागा बलवान प्राणी बळकावतो आणि दुर्बळ थंडीत कुढत राहतो.

ही ऊब म्हणजे चैन नव्हे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शरीराचे तापमान मुख्यतः बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून असते. पचन आणि रोगप्रतिकारही तिच्यावरच चालतात. झुडपी, कोरड्या माळांवर राहणाऱ्या चांदणी कासवाला पाणकासवांच्या शेजारी सतत ओलाव्यात ठेवले, तर त्याला फुप्फुसाचे विकार जडण्याचा धोका असतो. दोघांना मानवेल असे एकच हवामान निर्माण करणे सोपे नाही.

भक्ष्य आणि भक्षक एकत्र ठेवू नयेत, एवढे शहाणपण बहुतेकांना असते. नागराजाचे मुख्य अन्न साप हेच आहे आणि मण्यारही इतर साप गिळते, हे सर्पपालकांना ठाऊक असते. खरा घातक शेजारी मात्र डोळ्यांना दिसत नाही. ‘एंटामीबा इन्व्हेडन्स’ हा सूक्ष्म जीव अनेक कासवांच्या आतड्यात कोणताही त्रास न देता राहतो. तोच विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून सापाच्या वा घोरपडीच्या पोटात गेला, की आतड्यांना व्रण पडतात, यकृत सडू लागते आणि थोड्याच काळात अनेक प्राणी दगावू शकतात. कासव ठणठणीत दिसत असल्यामुळे संशय त्याच्यावर जातच नाही.

मद्रासच्या गिंडी येथे 1972 मध्ये सर्पोद्यान उभे राहिले. पुण्यात कात्रजला 1986 मध्ये. सापाविषयीची आंधळी भीती कमी करण्याचे मोठे कार्य अशा संस्थांनी केले आहे. 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाल्यापासून प्राणिसंग्रहालयांना मान्यता आणि नियमांची चौकटही लाभली. परंतु पकडलेले साप सोडण्यापूर्वी एकाच पिंपात कोंबणारे उत्साही तरुण आणि विदेशी इग्वाना व कासवे एका टाकीत पाळणारे शहरी हौशी यांच्यापर्यंत हा विचार पोचणेही तितकेच अगत्याचे आहे.

एका जातीला एक घर, हाच नियम असावा. अपवाद करावयाचा तर प्राणी एकाच प्रदेशातील व हवामानातील आहेत, एकमेकांना खात नाहीत, तपासणीत निरोगी ठरले आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र ऊब व आडोसा आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी ठेवणाऱ्यावर असावी. नवा प्राणी आधी वेगळा ठेवावा. पाण्याची भांडी आणि सफाईची साधनेही वेगळी असावीत. एवढे जमत नसेल तर जातींची संख्या कमी करावी. त्यात कमीपणा मुळीच नाही.

विद्यार्थ्यांची सहल घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनीही फलकावरील जातींची संख्या मोजण्यावर समाधान मानू नये. दाटीत ठेवलेला साप पाहून मुले शिकतात ती सापाची माहिती नव्हे, तर मुक्या जिवाची गैरसोय खपवून घेण्याची सवय. दहा जाती नीट सांभाळणारे संग्रहालय तीस जाती दाटीवाटीने मांडणाऱ्या संग्रहालयापेक्षा अधिक काही शिकविते, याचा विसर पडता कामा नये.