वाचणे म्हणजे बाटणे नव्हे

गोव्यात मराठीची सभा भरली आणि फादर स्टीफन्सचे नाव निघाले नाही, असे सहसा होत नाही. एका इंग्रज पाद्र्याने मराठीत सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या आणि १६१६ साली ते 'ख्रिस्तपुराण' रायतूरला छापले, हे सांगताना आमची छाती फुगते. पण त्या ओव्यांत आहे काय, असे विचारून बघा. सगळे गप्प! आम्हाला स्टीफन्स हवा तो भाषावादातला पुरावा म्हणून. त्याचा ख्रिस्त आम्हाला नको.

शेजारच्या घरून नाताळात आलेला दोदोल आम्ही चवीने खातो. पण कचेरीत 'हॅपी गुड फ्रायडे' म्हणणारे शिकलेले लोक मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. येशूच्या मरणाचा दिवस तो! साडेचारशे वर्षांहून जास्त शेजार, आणि ही आमची माहिती.

कोणी म्हणेल, ते पुस्तक धर्मप्रसाराचे. खरे आहे. नवख्रिस्त्यांसाठीच ते लिहिले गेले, आणि त्याआधी इथली देवळे पाडली गेली, हेही विसरायचे कारण नाही. पण म्हणूनच ते वाचायला हवे. शेजारी कशावर विश्वास ठेवतो, आणि त्याच्या पूर्वजांना तो विश्वास कोणत्या शब्दांत सांगितला गेला, हे आपल्याच भाषेत आणखी कुठे मिळणार? मूळ छपाई रोमन लिपीत होती, ही सबबही आता चालणार नाही. १९५६ सालीच देवनागरी आवृत्ती निघाली आहे.

ख्रिस्ती बांधवांनी ज्ञानेश्वरी वाचावी असे आपण व्यासपीठावरून सांगतो. जरूर वाचावी. पण आधी आपण कपाटातले ख्रिस्तपुराण खाली काढूया.